टिप नक्की कुणाला द्यायची?

प्रश्न: वेटरला देतो आपण, पण डिलिव्हरीवाला, सलूनमधला, सामान उचलून आणणारा ह्यांचं काय? बिलात सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असेल तरी वेगळी द्यायची का? नाही दिली तर मन खातं आणि दिली की मालकाचा पगार आपणच भरतोय असं वाटतं.

उत्तर: मी टिपच्या विरोधात आहे, कामगारांच्या नाही. अमेरिकेत फेडरल कायद्याने टिप मिळणाऱ्यांना मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात, १९९१ पासून आकडा तोच, टिप धरून किमान वेतन झालं नाही तर फरक मालकाने द्यायचा असतो पण तो भांडून मागणार कोण? गिऱ्हाइकाच्या मूडवर कुणाचं घर चालू नये.

उत्तर: पटलं हो, पण कायदा बदलेपर्यंत पावसात भिजत जिने चढून आलेल्या माणसाला काय सांगायचं? मी देतोच, आणि रोख हातात देतो.

उत्तर: मी वेटरचं काम केलंय. बऱ्याच ठिकाणी टिप एका डब्यात जमा होते आणि रात्री वाटतात, त्यात भांडी घासणाऱ्याला कधी मिळते कधी नाही, खरं तर सगळ्यात जास्त राबतो तोच. सर्व्हिस चार्जही आमच्यापर्यंत पोचेलच असं नाही, म्हणून सरळ विचारा की हे तुम्हालाच मिळतं ना. आणि नसेल द्यायची तर नका देऊ, राग नाही येत, फक्त चुटकी वाजवून बोलवू नका.