तेल पडतंय, पण कुठे?
'कन्व्हेयर चेनला ऑटो लुब्रिकेशन (आपोआप तेल सोडणारी यंत्रणा) बसवूनही चेन झिजून लांबली, मग उपयोग काय?' हा प्रश्न रास्त आहे. पण आधी नोझलचं तोंड कुठे आहे ते बघा. बहुतेक ठिकाणी ते रोलरच्या मधोमध असतं. चेन चकचकीत दिसते, आत मात्र कोरडी. झीज होते पिन आणि बुश (पिनभोवतीची नळी) यांच्यामध्ये, आणि तिथे तेल शिरायला वाट एकच: लिंक प्लेटांमधली (कड्यांच्या बाजूच्या पट्ट्यांमधली) फट. थेंब तिथेच पडायला हवा, तोही शक्यतो परतीच्या सैल बाजूला, कारण ताणाखाली ती फट नीट उघडत नाही.

दुसरं म्हणजे टायमरवर चालणारा तेलाचा पंप. लाइन बंद, पंप चालू, आणि सकाळी खाली तेलाचं तळं! पंपाचा सिग्नल चेनच्या हालचालीवरूनच घ्या. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी असंही नाही. धूळ चिकटली की त्याची घासणारी पेस्टच होते.

ओव्हनमधल्या चेनला साधं खनिज तेल घालू नका, जळून काजळी धरते. तिथे उच्च तापमानाचं सिंथेटिक तेल लागतं.

जुन्या चेनची लांबी मोजलीत का? मूळ लांबीपेक्षा 3 टक्क्यांहून जास्त वाढली असेल तर आता तेल घालून काही होणार नाही, बदलाच.