कळ काढणाऱ्याला तीन सामने, चिडणाऱ्याला सात: हा कसला न्याय?

अनाहाइमवाली
अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये मारामारी झाली की मला २६ जून २०२२ चा रविवार आठवतो. आमचा एंजल्स संघ विरुद्ध सिएटलचा मरिनर्स संघ, अनाहाइमचं स्टेडियम. मी एंजल्सच्या डगआउटच्या, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळाडू बसतात त्या जागेच्या, जरा वरच्या रांगेत बसले होते. आदल्या रात्री मरिनर्सच्या एरिक स्वॉन्सनचा चेंडू आमच्या माइक ट्राउटच्या डोक्याजवळून गेला होता. रविवारी एंजल्सनी ठरलेला पिचर (चेंडू टाकणारा) ऐनवेळी बदलला आणि अँड्र्यू वॉन्ट्झला उभं केलं. पहिल्याच इनिंगमध्ये त्याने मरिनर्सच्या हुलिओ रॉद्रिगेझच्या डोक्यामागून चेंडू टाकला. अंपायरनी दोन्ही संघांना ताकीद दिली. तरी दुसऱ्या इनिंगमध्ये त्यांच्याच जेसी विंकरच्या अंगावर चेंडू बसलाच.

विंकर तडक आमच्या डगआउटकडे चालत आला आणि मग कोण कोणाला मारतंय तेच कळेना. आमच्या अँथनी रेंडनच्या उजव्या मनगटाचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्याने डावा हात विंकरच्या तोंडावर मारला. नंतर आमच्याच राइसेल इग्लेसियसने सूर्यफुलाच्या बियांचा अख्खा खोका मैदानात भिरकावला. खेळ जवळजवळ १८ मिनिटं बंद होता, आठ जणांना बाहेर काढलं.

लीगने १२ जणांना मिळून ४७ सामन्यांची बंदी घातली. विंकर ७, मरिनर्सचाच जे. पी. क्रॉफर्ड ५, रेंडन ५. आणि ज्याच्या हातून हे सगळं सुरू झालं त्या वॉन्ट्झला फक्त ३! मी एंजल्सची आहे, तरी सांगते, हे मला पटलेलं नाही. ठोसा कॅमेऱ्यात दिसतो म्हणून महाग, आणि ताशी नव्वद मैलांचा चेंडू खेळाचा भाग म्हणून स्वस्त?

वेंगुर्लेकर
ताई, तुम्ही यादीतला सगळ्यात मोठा आकडा गाळलात. एंजल्सचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, फिल नेव्हिनला १० सामने मिळाले. तो त्या खुर्चीत बसून जेमतेम तीन आठवडे झाले होते, तरी लीगने सूट दिली नाही. ताकीद असताना त्याच्या पिचरने मुद्दाम चेंडू मारला, याची जबाबदारी त्याच्यावर टाकली. म्हणजे कळ काढणाऱ्याला शिक्षा झालीच, फक्त ती हुकूम ज्याच्या हातात होता त्याला झाली. मला तर हे योग्यच वाटतं.

आणि विंकरचं म्हणाल, तर चेंडू लागल्यावर त्याला पहिला बेस (धावेचा पहिला टप्पा) फुकट मिळाला होता. तिकडे जायचं सोडून तो उलट्या दिशेला गेला. बाहेर जाताना त्याने प्रेक्षकांना बोटं दाखवली, त्याबद्दल पुढे माफीही मागितली. एकाच्या कमरेला चेंडू लागणं वेगळं, आणि चाळीस-पन्नास माणसं एकमेकांच्या अंगावर पडणं वेगळं. त्या ढिगात कोणाचा गुडघा, कोणाचा खांदा जाईल याचा नेम नसतो. ते ज्याच्यामुळे झालं त्याला जास्त भोगावं लागणारच.

डावखुरा
मी जळगावला कॉलेजात पिचर होतो, म्हणून बोलतो. हातातून निसटलेला चेंडू आणि नेम धरून मारलेला चेंडू यातला फरक पिचरला चेंडू बोटांतून सुटतानाच कळतो. निसटलेला बहुतेक वर जातो, ओल्या साबणासारखा. डोक्यामागून जाणारा मात्र भयंकर, कारण फलंदाज घाबरून मागे सरकतो आणि नेमका चेंडूच्या वाटेत येतो. १९२० साली रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून दुसऱ्या दिवशी गेला. तेव्हा हेल्मेट नव्हतं, आज आहे, पण गाल, जबडा, मनगट उघडंच असतं.

आता वेंगुर्लेकर, आकड्यांचा हिशेब बघा. विंकर रोज खेळणारा, त्याचे सात सामने म्हणजे खरोखर सात. अपिलात एक कमी होऊन सहा झाले, तरी सहाच्या सहा गेले. वॉन्ट्झ एरवी बुलपेनमधून, म्हणजे सामन्याच्या मधे बदली पिचर म्हणून येणारा. असा पिचर तीन दिवसांत एकदा मैदानात उतरला तरी खूप. नेहमीच्या सुरुवातीच्या पिचरचं तर आणखी सोपं, तो पाच दिवसांनी एकदा टाकतो. त्याला पाच सामन्यांची बंदी म्हणजे एक पाळी पुढे ढकलली, संपलं. कागदावर दोघांच्या शिक्षा एकाच मापाने मोजायच्या आणि प्रत्यक्षात एकाला चटका, दुसऱ्याला विश्रांती.

वेंगुर्लेकर
हिशेब बरोबर आहे, पण अर्धा. बंदी असलेल्या खेळाडूच्या जागी संघाला दुसरा घेता येत नाही. एक पिचर कमी म्हणजे बाकीच्यांच्या हातांवर तेवढा ताण. संघालाही झळ बसतेच.

निशिगंधा
मला एक कळत नाही, हे आकडे येतात कुठून? आपल्याला क्रिकेटमुळे आयसीसीची पद्धत माहीत आहे. गुन्ह्याची पातळी ठरलेली, प्रत्येक पातळीला डिमेरिट गुण ठरलेले, २४ महिन्यांत चार गुण झाले की बंदी. आवडो न आवडो, वाचता तरी येतं. बेसबॉलमध्ये लीगचं ऑफिस व्हिडिओ बघतं आणि आकडा सांगतं. सात का, पाच का नाही, याचं उत्तर मिळत नाही. अपील केलं की एखादा सामना कमी होतो, तो तरी का? क्रॉफर्डचे पाचाचे चार झाले, रॉद्रिगेझचे दोनाचा एक. भाजीवाल्याने घासाघीस करून रुपया सोडावा तसं.

सनी_फिनिक्स
लिखित नियमाची एवढी ओढ असेल तर आमच्या फिनिक्सच्या सन्स या बास्केटबॉल संघाचं ऐका. एनबीए ही अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, २००७ चे प्लेऑफ (शेवटच्या बाद फेऱ्या). सॅन अँटोनिओच्या रॉबर्ट हॉरीने आमच्या स्टीव्ह नॅशला बाजूच्या टेबलावर ढकललं. ते बघून आमचे अमारे स्टूडमायर आणि बोरिस डिऑ बाकावरून उठून काही पावलं पुढे आले. कोणाला हातही लावला नाही. पण नियम लिहिलेला होता, भांडणाच्या वेळी बाक सोडला की एका सामन्याची बंदी. दोघंही पुढच्या सामन्याला बाहेर. तो सामना हरलो, मालिकाही गेली. हॉरीला दोन सामने मिळाले, पण नुकसान सगळं आमचं. नियमाला माणसाचा हेतू दिसत नाही. मला तरी डोळे उघडे ठेवून आकडा ठरवणारा माणूस परवडला, चुकला तरी.

अनाहाइमवाली
सनी, हे वाचून मी थांबले. साचेबंद तक्ता मलाही नको. वेंगुर्लेकर, नेव्हिनच्या दहा सामन्यांचंही मानते, त्याला मिळाले ते बरोबरच मिळाले. पण डावखुरा म्हणतात ती गोष्ट सोडवत नाही. पिचरची बंदी सामन्यांवर मोजू नका, पाळ्यांवर मोजा. सुरुवातीचा पिचर असेल तर त्याच्या दोन पाळ्या जाऊ द्यात. बुलपेनवाला असेल तर संघाचे दहा-बारा सामने त्याला बसवा. यात हेतू बघायला माणूस आहेच, फक्त माप बदलतं.

आणि चेंडू कमरेला लागला म्हणून हलकं समजू नका. मी वरच्या रांगेत होते, तरी तो आवाज मला ऐकू आला होता.

वेंगुर्लेकर
पाळ्यांवर मोजायला माझी हरकत नाही. पण विंकरचे सात मी कमी करणार नाही.

अनाहाइमवाली
नका करू. वॉन्ट्झचे वाढवा.