टर्बो ड्रॅग इंजिनच्या ब्लॉकमध्ये बसवलेले स्लीव्ह खाली सरकतात; प्रेस फिट किती ठेवावा?

ड्रॅग रेसिंगसाठी (सरळ छोट्या अंतराची शर्यत) तयार केलेल्या टर्बो सुझुकी हायाबुसा मोटरसायकलच्या (1340 सीसी, मूळ बोअर 81 मिमी) ब्लॉकमध्ये वरच्या बाजूला कॉलर असलेले डक्टाइल आयर्नचे (चिवट ओतीव लोखंड) स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळकांडी, बसवले आहेत. बाहेरचा व्यास सुमारे 86 मिमी, प्रेस फिट (स्लीव्ह ब्लॉकमधल्या भोकापेक्षा जितका मोठा तो फरक) 0.07 मिमी. ब्लॉक 150 अंशांपर्यंत तापवून स्लीव्ह हाताने टेकेपर्यंत बसवले, ब्लॉक गार झाल्यावर डेक (हेड बसते तो ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग) मिलिंगने सपाट केला आणि टॉर्क प्लेट (हेडसारखा ताण देणारी जाड पट्टी) लावून होनिंग, म्हणजे बोअर आतून घासून नेमक्या मापाला आणणे, केले.

काही धावांनंतर हेड उघडले, तेव्हा दुसऱ्या व तिसऱ्या स्लीव्हची कड डेकपेक्षा 0.04 मिमी खाली गेलेली डायल गेजवर दिसली. नेमकी तिथेच गॅस्केटची रिंग काळी पडली होती. हेड तपासले असून ते सपाट आहे, स्टड नवे आहेत आणि डेटा लॉगमध्ये डिटोनेशन (इंधनाचा अनियंत्रित स्फोट) आढळत नाही. इंधन मिथेनॉल आहे.

ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावत असल्याने ब्लॉक 80 अंशांनी तापल्यावर कागदावर तरी साधारण 0.08 मिमी पकड सुटते, म्हणजे माझा संपूर्ण फिटच जातो. मात्र फिट वाढवला तर दोन बोअरमधली पातळ भिंत तडकेल, अशी मला खरी धास्ती आहे. बोअर वाढवायचा नाही आणि ब्लॉक हाच वापरायचा आहे.

अशा वेळी फिट 0.10 मिमीपर्यंत न्यावा, की फिट तोच ठेवून कॉलरखालची बैठक सीएनसीवर पुन्हा कापावी व स्लीव्ह डेकच्या वर ठेवावा. आणि वर ठेवायचा असल्यास नेमका किती?