एका पगारात घर: तुमचा महिना कसा निघतो?

मे उतरणीला लागला की मला जूनची धास्ती वाटायला लागते. वर्षाचे गहू भरून हात नुकताच रिकामा झालेला असतो आणि समोर फी, वह्या, गणवेश, बूट, रेनकोट अशी रांग उभी असते. आम्ही पुण्यात, धायरीला राहतो. घरात चौघं, मिळवते एकटे हे. नऱ्ह्यातल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहेत, हातात ३४,००० येतात. भाडं १०,५००. सासूबाई गावी असतात, त्यांना ३,०००. उरलेल्या २०,५०० मध्ये महिना काढायचा.

बचतीच्या युक्त्या खूप वाचल्या. 'बाहेरचं खाणं बंद करा' असं सगळे सांगतात, पण आमच्याकडे बाहेरचं खाणं म्हणजे महिन्यातून एकदा मुलांना वडापाव. म्हणून या धाग्यावर मला खरा हिशेब हवा आहे. हात कुठे आखडला, त्यातलं काय साधलं, काय अंगाशी आलं. आकड्यांसकट लिहिलंत तर फार बरं. आणि एक गोष्ट मुद्दाम विचारते: कपातीची वेळ आली की तुमच्या घरात पहिली कपात कोणाच्या ताटातून होते?

माझंच आधी सांगते. तीन वर्षांपूर्वी खर्चाचा मेळ बसेना तेव्हा मी उसळीत पाणी वाढवलं. डब्यांत दाणे, माझ्या ताटात रस्सा. अंडी मुलांपुरती. पालेभाजी आठवड्यातून एकदा, तीही मुलं खातील तेवढीच. कोणी मला असं करायला सांगितलं नव्हतं. वर्षभरात जिना चढताना धाप लागायला लागली. हिमोग्लोबिन ७.४ निघालं, शिरेतून लोह द्यावं लागलं. तपासण्या, औषधं, रिक्षा धरून ७,८०० गेले आणि तीन महिने ओट्याशी नीट उभं राहवत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या: जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही आणि भाजी-उसळीवर लिंबू पिळायचं. या दोन्ही गोष्टी बिनखर्चाच्या होत्या, आधी कळल्या असत्या तर!

आता तुम्ही लिहा.

कोथरूड. वय ७५, मुलाकडे राहते.

पानशेत फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ला, मी दहा वर्षांची होते. आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत, वाड्याच्या तळमजल्यावर. वडील छापखान्यात कंपोझिटर. पाणी ओसरल्यावर घरी आलो तर गहू, तांदूळ, डाळी, सगळी साठवण चिखलात कुजत होती. उन्हाळ्यात उसने पैसे काढून भरलेली साठवण होती ती. धान्य गेलं, उसने फेडायचे राहिले. आईने त्यानंतर वर्षाचं धान्य कधी भरलं नाही. तीन महिन्यांचं भरायची.

लग्नानंतर मीही तेच केलं. यांचा पगार पिंपरीच्या कारखान्यातून सात तारखेला यायचा. वर्षाचे गहू भरायला पतपेढीतून कर्ज काढलं तर हंगामात स्वस्त मिळाल्याचा फायदा व्याजात जातो. रोख हातात असेल तरच वर्षाचं भरावं. नाहीतर चौघांना महिन्याला पंधरा किलो धरून पंचेचाळीस किलो पुरे. दोन दिवस कडक उन्हात वाळवायचे आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायचे. गरम भरले तर डब्याला आतून घाम येतो आणि किडे होतात. हाताला एरंडेल घेऊन गव्हाला चोळायचं, तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला.

ताटाचं विचारलंस ते बरं केलंस गं. आम्हाला कोणी विचारलं नाही. मी शेवटी जेवायची, उरेल ते जेवायची. सून आली त्या महिन्यापासून मी घरात एकच नियम केला: सगळे एका वेळी बसायचे, पातेली मधोमध ठेवायची. किती आहे ते सगळ्यांना दिसतं, आणि वाढून घेताना प्रत्येकाचा हात आपोआप आवरतो.

हडपसर. रिक्षा चालवतो.

ताई, वाचत असतो, लिहायला आज बसलो. आमच्याकडे पगार नाही, रोजचा धंदा. मे महिन्यात शाळेची पोरं नसतात, तेव्हा महिन्याचं बांधलेलं भाडं बंद. पहिली सात-आठ वर्षं घरात रोज पैसे यायचे आणि रोज संपायचे. विमा, पासिंग, टायर, काहीही आलं की उसनवारी. एकदा एका ओळखीच्या माणसाकडून १५,००० उचलले, महिना दहा टक्क्यांनी. दहा महिने १,५०० नुसतं व्याज भरलं. पंधरा हजार देऊन झाले आणि मुद्दल होतं तिथंच. शेवटी बायकोनं तिची बोरमाळ बँकेत ठेवून सोनेतारण काढलं, ते व्याज वर्षाला दहा टक्क्यांच्या आत होतं. त्या माणसाचा एक रुपयाही ठेवला नाही.

तेव्हापासून रात्री गाडी लावली की आधी सीएनजीचे पैसे बाजूला, मग २०० रुपये गाडीच्या डब्यात, मग उरलेले घरात. डब्याची चावी बायकोकडे. महिन्याचे पाच हजाराच्या वर साठतात आणि पासिंगला आता कोणाच्या दारात जावं लागत नाही. बोरमाळ मागच्या दिवाळीत सोडवून आणली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: बायको सगळा खर्च लिहिते, तसं मलाही लिहायला लावलं. तंबाखूचे रोजचे ४० लिहीत गेलो, महिन्याला १,२०० झाले. पोरीच्या शिकवणीची फी तेवढीच होती. त्या महिन्यात तंबाखू सोडली. दोनदा परत लागली होती, आता दीड वर्ष झालं.

(धायरीहून: दादा, बोरमाळ सोडवल्याचं वाचून मला इतका आनंद झाला की यांना वाचून दाखवलं.)

बिबवेवाडी. इमारतीतल्या सहाजणी मिळून लिहितोय.

आम्ही पाच वर्षं मार्केट यार्डातून एकत्र माल आणतो. आधी झालेल्या चुका सांगतो, म्हणजे कोणी त्या परत करणार नाही. पालेभाजी तिथे शेकड्याने विकतात, म्हणजे शंभर जुड्या. पहिल्याच वेळी हौसेने शंभर जुड्या मेथी आणली. प्रत्येकीला सोळा-सोळा. निवडता निवडता रात्र झाली, निम्मी पिवळी पडली, शेजारीपाजारी वाटली. टोमॅटोच्या क्रेटचं तेच, खालचे थर दबलेले. टेम्पोचं भाडं धरलं तर कोपऱ्यावरच्या मावशींकडची भाजीच स्वस्त पडते. पालेभाजी आता दिवेलागणीनंतर घेतो, माल संपवायच्या घाईत असतात तेव्हा दोन जुड्या एकीच्या भावात मिळतात.

यार्डातून फक्त टिकणारं: कांदा, बटाटा, लसूण. कांद्याला सगळ्यात जास्त फायदा. एप्रिल-मेमध्ये येणारा उन्हाळी कांदा घ्यायचा, मान बारीक आणि पूर्ण वाळलेली, साल घट्ट, दोन-तीन पदरी. पावसाळ्यानंतरचा लाल कांदा साठवू नका, टिकत नाही. ५० किलोच्या चार गोण्या आणतो, प्रत्येकीच्या वाट्याला तेहेतीस किलो. पलंगाखाली वर्तमानपत्रावर एका थरात पसरायचा, बटाट्यापासून लांब. दर रविवारी हात फिरवून मऊ लागतील ते आधी वापरायचे. दिवाळीच्या तोंडावर कांद्याचा भाव चढतो तेव्हा आमच्या घरात मेमधला कांदा असतो.

पैसे मात्र आधी गोळा करायचे, माल आल्यावर नाही. एकदा दोघींचे राहिले आणि मनं दुखावली.

वारजे.

छोटीशी गोष्ट, पण आमच्या सोसायटीत सगळ्यांचा गैरसमज होता म्हणून लिहितो. महावितरणचं बिल शंभर युनिटच्या वर गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, असं नाही. पहिल्या शंभरला खालचाच दर, पुढच्यांना वरचा. पण तो वरचा दर बराच चढा आहे, म्हणून १०० ते ३०० मधलं एकेक युनिट वाचवणं महत्त्वाचं. जुना पंखा ७५ वॅटचा असतो, नवा कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालला तर महिन्याला वीस युनिट वाचतात. दोन्ही खोल्यांचे एकदम नाही घेतले. एक या दिवाळीत, एक पुढच्या.

विश्रांतवाडी.

आमच्याकडे एक उत्पन्न म्हणजे माझं. यांना २०१९ मध्ये पक्षाघात झाला, उजवा हात चालत नाही. मी एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसते, १९,००० मिळतात. राहतं घर स्वतःचं आहे म्हणून तगलो.

रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांना महिन्याला २,३०० लागायचे. मी दवाखान्यात काम करत असूनही चार वर्षं विचारायची हिंमत झाली नाही, याचं वाईट वाटतं. शेवटी डॉक्टरांना म्हटलं, कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव लिहून द्या. जनऔषधी केंद्रातून आणायला लागलो आणि खर्च ६०० च्या आत आला. डॉक्टरांना न विचारता मात्र बदलू नका, आणि गोळी किती मिलिग्रॅमची आहे ते प्रत्येक वेळी वाचून घ्या.

पीएमपीचा मासिक पास जून २०२५ मध्ये ९०० वरून १,५०० झाला. महिन्याला एकदम ६०० चा खड्डा. मला दोन बस बदलाव्या लागतात, दिवसाची चार तिकिटं, त्यामुळे पासच परवडतो. एका बसमध्ये पोचणाऱ्यांनी आधी तिकीट आणि कामाचे दिवस यांचा गुणाकार करून बघावा.

घरखर्चाची वही हे लिहितात, डाव्या हाताने. पहिल्या वर्षी आकडे ओळखू यायचे नाहीत, आता अक्षर वळलंय. कुकर लावणं, भाजी निवडणं, दूध तापवणं तेच करतात. महिनाअखेर दोनशे-तीनशे उरले की माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद होतो. आणि मी रात्री आठला घरी आले की माझं ताट आधी वाढलेलं असतं.

पर्वती.

मुलगी तिसरीपर्यंत खासगी इंग्रजी शाळेत होती. फी, व्हॅन, उपक्रमांचे पैसे धरून वर्षाला ६१,०००, आणि यांचा पगार महिना २६,०००. चौथीत तिला अनुदानित मराठी शाळेत घातलं. नातेवाइकांनी फार बोलून घेतलं. मीही आठवडाभर रडले. तिला मात्र दोन महिन्यांत नवीन मैत्रिणी मिळाल्या आणि शाळा चालत जायच्या अंतरावर, म्हणून व्हॅनही सुटली. आठवीपर्यंत पुस्तकं शाळेतूनच मोफत मिळाली.

तिच्या वर्गशिक्षिकेने एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचं सांगितलं. आठवीत देतात. सातवीत ५५ टक्के हवेत, आईवडिलांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत, शाळा सरकारी किंवा अनुदानित. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० मुलीच्या खात्यात. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना टक्क्यांची थोडी सवलत आहे. आम्ही सातवीच्या मे महिन्यापासून रोज एक तास बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न सोडवले. मलाही यायला लागले! तिची निवड झाली तेव्हा मी त्याच नातेवाइकांना पेढे नेऊन दिले.

उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. आणि अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो, तो विसरला तर त्या वर्षाचे पैसे जातात. नववीची जुनी पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जवळपास अर्ध्या किमतीत मिळाली. घेताना आवृत्तीचं वर्ष बघा.

वाघोली. मूळ गाव लातूरकडे.

आमचा महिना मोडतो तो लग्नसराईत. गेल्या वर्षी एप्रिल-मेमध्ये सात लग्नं. प्रत्येक वेळी चौघांचं येणंजाणं, आहेर, बायकोला नेसवायला म्हणून दोन साड्या. १८,००० गेले, ते फेडता फेडता दसरा आला. यंदा ठरवलं: सख्ख्या नात्यातल्या लग्नाला सगळे, बाकी ठिकाणी मी एकटा, आणि आहेर सगळीकडे सारखाच २०१. एक काका अजून बोलत नाहीत. त्याचं दुःख आहे, पण मुलाची फी या वेळी वेळेत भरली.

सहकारनगर. वय २९.

२०२० च्या टाळेबंदीत वडिलांचं काम सुटलं. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, माझ्या एका पगारात पाच माणसं. वडिलांनी एके रात्री घरखर्चाची वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, आता तू लिही. मागची पानं चाळताना एक नोंद परत परत दिसायला लागली. जून २०१८: 'हिचा चष्मा'. त्यावर काट मारून खाली 'क्लास फी'. जुलैत परत 'हिचा चष्मा', काट, 'शेगडी दुरुस्ती'. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. अकरा महिने ती ओळ खाली खाली सरकत गेली आणि मग दिसेनाशी झाली. मला वाटलं, घेतला असेल. आईला विचारलं. म्हणाली, "अरे, सुईत दोरा तूच तर ओवून देतोस."

जूनमधली ती क्लास फी माझी होती.

चष्मा ९०० रुपयांना झाला. आता जी नोंद दोन महिने पुढे ढकलली गेली, ती तिसऱ्या महिन्यात भाड्याच्या लगेच खाली लिहितो आणि तिचे पैसे पगाराच्याच दिवशी काढतो. या महिन्यात तिथे वडिलांची दाढ आहे.