पदरी माणसं ठेवून इंग्लंडच्या लॉर्डला नेमकी सत्ता कशी मिळायची?

कुळकायदा: चौदाव्या-पंधराव्या शतकातले लॉर्ड जमिनीऐवजी वार्षिक रोख रक्कम देऊन माणसं पदरी ठेवायचे, हे वाचलं. पण ही माणसं राहायची आपापल्या गावी. मग लढाई नसताना त्यांचा उपयोग काय? आणि १३९० पासून कायदे असूनही हा प्रकार थांबला का नाही?

दातेरी_कागद: आधी करार बघा. एकाच चर्मपत्रावर मजकूर दोनदा लिहून मधून नागमोडी कापायचे. एक तुकडा लॉर्डकडे, दुसरा माणसाकडे. वाद झाला तर कडा जुळवून खरं-खोटं ठरायचं. बहुतेकदा करार हयातभराचा, शांततेत आणि युद्धात सेवा करण्याचा. मानधन एखाद्या ठरावीक जहागिरीच्या उत्पन्नातून लावून दिलेलं असे. चौदाव्या शतकातला बडा लॉर्ड जॉन ऑफ गॉन्ट याच्या करारांत स्क्वायरला (नाइटच्या खालचा दर्जा) वर्षाला १० मार्क हा नेहमीचा दर दिसतो, म्हणजे ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. एवढ्यावर कोणी विकला जात नसे. कित्येक जण दोन-तीन लॉर्डांकडून मानधन घ्यायचे.

पंच_बारा: उपयोग कोर्टात! परगण्याचा शेरीफ, म्हणजे तिथला राजाचा अधिकारी, एका वर्षासाठी नेमला जायचा आणि जमिनीच्या दाव्यात ज्यूरीच्या १२ जणांची यादी तोच करायचा. शेरीफ आपला असला की निकाल जवळजवळ आपलाच. लॉर्डला खरी गरज होती ती अशा जागी बसलेल्या माणसांची, तलवारीची त्या मानाने कमी.

नॉरफोकमधलं ग्रेशॅम घ्या. लॉर्ड मोलिन्सने १४४८ मध्ये पास्टन घराण्याची ही जहागीर बळकावली. पास्टन परत आले, तर जानेवारी १४५० मध्ये मोलिन्सच्या माणसांनी मार्गारेट पास्टनला घरातून बाहेर काढलं. (१००० माणसं होती म्हणतात, पण तो आकडा पास्टनांच्याच तक्रारीतला, जरा जपून घ्यावा.) पुढे खटला उभा राहिला तेव्हा शेरीफ म्हणाला, मोलिन्स सुटेल अशीच ज्यूरी नेमावी असं राजाचं पत्र आलंय.

संसदेची निवडणूकही शेरीफच घ्यायचा. १४२९ च्या कायद्याने परगण्यात मताचा हक्क वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असणाऱ्यांपुरताच ठेवला, आणि शपथेवर उत्पन्न विचारायचा अधिकार शेरीफला दिला.

दातेरी_कागद: +१. कायदे का फसले, तेही यातच आलं. १३९० च्या हुकुमात हयातभर करार केलेले नाइट आणि स्क्वायर चालत होते, बंदी त्यांच्या खालच्या येओमनांना (साध्या जमीनधारकांना) लॉर्डच्या खुणेचे बिल्ले-पोशाख देण्यावर. १४६८ मध्ये घरचे नोकर, कारभारी, वकील सोडून सगळ्यांवर बंदी आली, पण 'कायदेशीर सेवा' ही पळवाट राहिली. शिवाय गुन्हा ठरवणारी ज्यूरी त्याच परगण्यातली.

सातव्या हेन्रीने १५०४ च्या कायद्याने अशा तक्रारी थेट राजाच्या कौन्सिलपुढे नेण्याची सोय केली. १५०७ मध्ये केंटच्या लॉर्ड बर्गाव्हेनीवर बेकायदा पदरी ठेवलेली ४७१ माणसं, दरमहा माणशी ५ पौंड, ३० महिने असा दंडाचा हिशोब लागला: ७०,६५० पौंड. त्या ४७१ मध्ये ४४० येओमन होते, एक चांभार आणि एक कल्हईवालासुद्धा. एवढी रक्कम तो कुठून भरणार? शेवटी १० वर्षांत ५,००० पौंड फेडायचे ठरले आणि लॉर्ड राजाच्या मुठीत आला.