ऑगस्टची जोडून सुट्टी : चार माणसं, तीन दिवस, 300 पौंड. कुठे जावं?

सई_रेडिंग (मंगळवार, 21:10)
मंडळी, सल्ला हवाय. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे शनि-रवि-सोम. आम्ही रेडिंगला राहतो. मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई. त्या सप्टेंबरात परत जातील आणि अजून लंडन नि आमच्या कोपऱ्यावरचं सुपरमार्केट सोडून त्यांनी फारसं काही बघितलेलं नाही. गुडघे दुखतात. चालतात, पण जिने आणि चढ नकोत. आमच्याकडे गाडी नाही.

बजेट 300 पौंड. प्रवास, राहणं, खाणं सगळं धरून. 300 म्हणजे 300, "थोडं वाढवा" सांगू नका प्लीज.

त्या वीकएंडला रेडिंगमध्ये मात्र थांबायचं नाही. गाण्यांचा मोठा फेस्टिव्हल असतो. स्टेशनवर तंबू नि बिअरचे खोके घेतलेल्या पोरांची रांग. मागच्या वर्षी आमच्या कुंपणावर कुणाचा तरी एकच गमबूट तीन दिवस लटकत होता, दुसरा कुठे गेला देव जाणे. शहरच हवंय, कारण लेकीला संग्रहालयांचं वेड आहे आणि आईंना डोंगरदऱ्या नकोत. "त्या आमच्याकडे आहेत," म्हणतात.

बाळू_बर्मिंगहॅम (21:32)
एडिनबरो. डोळे झाकून. आम्ही मागच्या वर्षी याच वीकएंडला गेलो होतो. खोलीच्या खिडकीतून किल्ला! रात्रीचे 260 पडले, पण तो व्ह्यू... फोटो टाकतो नंतर.

वाकडी_वाट (21:40)
बाळूशेठ, 260 एका रात्रीचे. ताईंचे 300 तीन दिवसांचे, चार माणसांचे. उरलेल्या 40 पौंडांत रेडिंगहून एडिनबरो चालत जायचं का?

बाळू_बर्मिंगहॅम (21:44)
अहो, आयुष्यात एकदाच जातो माणूस. पैसा काय, येतो.

यॉर्कवेडा (21:58)
ऑगस्टात एडिनबरो म्हणजे फ्रिंज, नाटकं नि कार्यक्रमांचा महिनाभराचा महोत्सव. हॉटेलवाले वर्षाची कमाई त्या एका महिन्यात करतात. शिवाय स्कॉटलंडची ऑगस्टची बँक हॉलिडे पहिल्या सोमवारी असते, शेवटच्या नाही. म्हणजे सुट्टी तुमची, गर्दी जगाची.

यॉर्कला जा. नॅशनल रेल्वे म्युझियम, फुकट, स्टेशनच्या मागेच. निळं मॅलर्ड इंजिन आहे तिथे, 1938 साली ताशी 126 मैल गेलेलं. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. मी तिथे सहा वेळा गेलोय, दोनदा तर बायकोला न सांगता. गावाभोवती तटबंदी आहे, तिच्यावरून चालायला पैसे पडत नाहीत. मिन्स्टर म्हणजे तिथलं मोठं चर्च, त्याला तिकीट आहे, ते बाहेरून बघा. राहायला नदीकाठी वायएचएचं स्वस्तातलं हॉस्टेल आहे, तिथे फॅमिली रूम मिळते.

चिंगी_चेशर (22:05)
तटबंदीवर चढायला दगडी जिने आहेत हो. गुडघ्यांचं वाचलं नाहीत का?

यॉर्कवेडा (22:09)
वाचलं. आजींना खाली बाकावर बसवायचं. माझी आई बसली होती. तिला तेच आवडलं.

चिंगी_चेशर (22:20)
मी लिव्हरपूल सुचवेन. डॉकवर सगळं सपाट. म्युझियम ऑफ लिव्हरपूल फुकट, वर्ल्ड म्युझियम फुकट, वॉकर गॅलरी फुकट. अँग्लिकन कॅथीड्रलमध्ये जायला पैसे नाहीत, फक्त टॉवरवर जायचं तर तिकीट. आमच्या सासूबाई आतली ती उंची बघून दोन मिनिटं गप्प झाल्या होत्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

अनुभवी_काका (22:47)
1998 पासून या देशात आहे, म्हणून सांगतो. कुठे जायचं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, रूळ जाग्यावर आहेत का? इथे बँक हॉलिडे आली की हे लोक रूळ उखडायला घेतात. मग तुम्ही गाडीचं तिकीट काढायचं आणि रिप्लेसमेंट बसमध्ये बसून तीन तास कुणाच्या तरी शेतांकडे बघायचं. तिकीट काढण्याआधी नॅशनल रेलच्या साइटवर त्या तारखांची कामं बघा. एकदा मी बघितली नव्हती. क्रू नावाच्या जंक्शनच्या फलाटावर आमची कोजागरी झाली, फक्त दूध नव्हतं.

दुसरं, खाणं. बाहेर चार माणसांनी दोन वेळा खाल्लं की तुमचे 300 तिथेच संपले. दशम्या न्या. पीठ दुधात मळलेल्या, पाण्याचा थेंब नाही. दोन दिवस हूं की चूं करत नाहीत. सोबत शेंगदाण्याची चटणी.

गुज्जूशेजारी (22:55)
थेपले जास्त टिकतात.

अनुभवी_काका (22:58)
टिकतात. दशमी मऊ राहते. टिकणं आणि मऊ राहणं यात फरक आहे.

नवखा_न्यूकासल (बुधवार, 08:15)
कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, बघितलात का? रेल्वेच्या निम्म्या पैशांत होतं.

पुन्हा_नाही (08:31)
मी बघितला होता. नाव घेत नाही, पण रात्री साडेअकराची बस पहाटे दोनला आली. ती आली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, टॉयलेट बंद आहे. सहा वर्षांची मुलगी आणि वयस्कर बाई घेऊन हे करू नका. मी धडधाकट माणूस, मी रडकुंडीला आलो होतो.

वाकडी_वाट (08:40)
तुमचं आयडी कधी बदललंत? त्या रात्रीच का?

हिशेबी_हेमा (09:12)
कुणी कामाचं बोलणार आहे का? सईताई, फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढा. 35 पौंड, वर्षभर चालतं. एका कार्डावर चार मोठे आणि चार मुलं. मोठ्यांना एक तृतीयांश सूट, 5 ते 15 वयाच्या मुलांना 60 टक्के. प्रवासात एक तरी मूल हवं, ते तुमच्याकडे आहे. पुढच्या सुट्ट्यांनाही वापराल.

मोहित_मेडनहेड (09:30)
कार्ड कशाला? तीन मोठे एकत्र जाताय ना, मग ग्रुपसेव्ह. तीन ते नऊ माणसं, एक तृतीयांश सूट, कार्डाचे पैसे नाहीत. रेडिंगकडच्या गाड्यांना चालतं.

हिशेबी_हेमा (09:41)
सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना चालत नाही. आणि नवरा एक दिवस घरी बसला की तुमचे तिघे मोडले. कार्डाला दोघी आणि लेक पुरतात. शिवाय मुलीला नुसतं अर्धं तिकीट लागेल, 60 टक्के नाही.

मोहित_मेडनहेड (09:44)
नवरा घरी का बसेल?

हिशेबी_हेमा (09:45)
सासूबाई आणि बायको तीन दिवस एकत्र असताना? काहीही होऊ शकतं.

लंडनची_लता (11:20)
आजींनी लंडन बघितलं म्हणजे काय बघितलं? बिग बेन आणि तो गोल पाळणा ना? पॅडिंग्टनला उतरून हॉली प्लेसला जा. 10 नंबरच्या घरावर पाटी आहे, लोकमान्य टिळक 1918-19 मध्ये तिथे राहत होते. मग चॉक फार्मजवळ 10 किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब विद्यार्थी असताना 1921-22 मध्ये तिथे राहिले, 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. ट्यूब आणि बसमध्ये मोठ्यांसोबत 11 वर्षांखालची मुलं फुकट.

मोहित_मेडनहेड (11:26)
त्या वीकएंडला? रविवार-सोमवार नॉटिंग हिल कार्निव्हल असतो. पॅडिंग्टनच्या पलीकडचा सगळा भाग गच्च, बस वळवलेल्या, काही ट्यूब स्टेशनं बंद. रेडिंगच्या फेस्टिव्हलमधून पळून नॉटिंग हिलला. आगीतून फुफाट्यात.

बाळू_बर्मिंगहॅम (12:02)
एडिनबरोचे फोटो टाकतोय, अपलोड होत नाहीयेत.

मुक्ता_ब्रिस्टल (13:37)
मी इथे फारशी लिहीत नाही. रेडिंगहून ब्रिस्टल थेट गाडी आहे, साधारण सव्वा तास. हार्बरच्या काठाने सपाट चालता येतं. एम शेड नावाचं संग्रहालय आणि सिटी म्युझियम, दोन्ही फुकट. पण सिटी म्युझियम चढावर आहे, तिथे बसनेच जा. इंग्लंडात बहुतेक लोकल बसला एका फेरीचं भाडं 3 पौंडांच्या वर जात नाही. क्लिफ्टनचा झुलता पूल पायी ओलांडायला पैसे नाहीत, गाडीवाल्यांना आहेत. एसएस ग्रेट ब्रिटन जहाज सुंदर आहे, पण तिकीट महाग, ते सोडलंत तरी चालेल.

आणि एक. राजा राममोहन रॉय 1833 साली ब्रिस्टललाच वारले. आर्नोस व्हेल नावाच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे, आपल्याकडच्या छत्रीसारखी. द्वारकानाथ टागोरांनी बांधवून घेतलेली. फाटकापासून फार आत नाही. आत जायला तिकीट नाही. इथले बरेच भारतीयसुद्धा गेलेले नसतात.

हॉटेल मात्र त्या वीकएंडला स्वस्त मिळणार नाही.

यॉर्कवेडा (13:50)
ब्रिस्टलला रेल्वे म्युझियम आहे का?

मुक्ता_ब्रिस्टल (13:58)
इथल्या टेंपल मीड्स स्टेशनचं जुनं बांधकामच ब्रुनेल या नामांकित इंजिनिअरचं आहे. आणि रेडिंगहून येताना ज्या रुळांवरून याल, ती लाइनही त्याचीच.

यॉर्कवेडा (14:01)
बरं. ते एक मान्य.

साऊथसीची_सुमा (15:19)
पोर्ट्समथ! समुद्र, सपाट रस्ता, साऊथसी कॅसल फुकट. 1545 मध्ये आठव्या हेन्रीने तिथूनच आपलं मेरी रोझ जहाज बुडताना बघितलं म्हणतात. गॉस्पोर्टची फेरी काही मिनिटांची, मुलांना मजा.

वाकडी_वाट (15:33)
त्याच वीकएंडला त्याच साऊथसीच्या मैदानावर व्हिक्टोरियस फेस्टिव्हल असतो. सईताईंचा दुसरा गमबूट तिथे सापडेल.

साऊथसीची_सुमा (15:36)
अरे हो. विसरलेच. आमच्या घरून ऐकू येतो म्हणून आम्हीच दरवर्षी बाहेर जातो.

अनुभवी_काका (16:05)
लिव्हरपूल, यॉर्क काही असो, रूळ बघा. मी वर लिहिलंय, कुणी वाचत नाही.

चिंगी_चेशर (16:11)
काका, वाचलं हो. तिकीट काढण्याआधी रूळ बघायचे, दशमीत पाणी घालायचं नाही.

सई_रेडिंग (गुरुवार, 22:30)
सगळ्यांचे आभार. रात्री जेवताना हा धागा आईंना वाचून दाखवला. त्यांनी वहीचं पान फाडलं आणि दोन रकाने आखले. एकात हॉटेलच्या दोन रात्री, एकात बाकी सगळं. मग पहिल्या रकान्यावर काट मारली. म्हणाल्या, "नुसत्या झोपण्याचे दोनशे? झोप घरी फुकट आहे."

तर आम्ही कुठेच राहणार नाही. रोज सकाळी निघायचं, रात्री घरी. शनिवारी ब्रिस्टल, रविवारी आराम, सोमवारी ऑक्सफर्ड, अर्ध्या तासावर तर आहे. मी सुरुवातीलाच लिहिलं होतं की रेडिंगमध्ये थांबायचं नाही, ते माहीत आहे. रात्री कानात बोळे घालू. टिळकांची पाटी कार्निव्हल नसलेल्या एखाद्या शनिवारी. रेलकार्ड काढलं. काका, रूळ बघितले.

यॉर्कवेडा (22:41)
चूक करताय. पण ठीक.

हिशेबी_हेमा (22:44)
एकाही माणसाने हे सुचवलं नव्हतं. आजींना नमस्कार सांगा.

मोहित_मेडनहेड (22:52)
शनिवारी रात्री परतताना रेडिंग स्टेशनचे हाल बघा म्हणजे झालं.

सई_रेडिंग (पुढचा मंगळवार, 20:15)
आलो. लिहीन म्हटलं होतं म्हणून लिहितेय.

तिन्ही दिवस मिळून, रेलकार्डाचे 35 धरून, 230 च्या आत बसवलं. रात्री गाणी ऐकू येत होती. दुसऱ्या रात्री आईंनी बोळे काढून टाकले, म्हणाल्या गणपतीत याहून जास्त असतं.

ऑक्सफर्डला नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये लेक डोडोसमोरून हलेना. तो आता कुठेच नाही, एकही नाही, हे तिला पटेचना. मागच्याच दारातून पिट रिव्हर्समध्ये जाता येतं, तिथे काचेच्या कपाटांची इतकी दाटी की नवरा दोनदा हरवला. दोन्ही फुकट.

ब्रिस्टलला हार्बरच्या बाकावर दशम्या खाल्ल्या. एक सीगल आला आणि नवऱ्याच्या हातातली अख्खी दशमी घेऊन गेला. पुलावर आम्ही तिघं गेलो, आई अलीकडेच थांबल्या. "मला इथूनच भीती वाटली, तेवढी पुरे," म्हणाल्या.

मग आर्नोस व्हेल. मुक्ताताई, तुमचे खास आभार. आई साताऱ्याला एकतीस वर्षं इतिहास शिकवत होत्या, हे मी इथे लिहिलंच नव्हतं. समाधी दिसली तशा त्या थांबल्या आणि मला विचारलं, "चपला काढायच्या का गं?" मला काय माहीत. त्यांनी काढल्या. गवत ओलं होतं. छत्रीच्या एका खांबाला हात लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग लेकीला म्हणाल्या, "1829. सतीबंदी. दरवर्षी सहामाहीला हा प्रश्न मी काढायचे." लेकीने विचारलं सती म्हणजे काय. तिथून बस स्टॉपपर्यंत तेच चाललं होतं. ती सहा वर्षांची आहे, आईंनी किती आणि कसं सांगितलं ते मी मुद्दाम ऐकलं नाही. बसमध्ये लेक त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

मुक्ता_ब्रिस्टल (20:33)
पुढच्या वेळी कळवा. मी बागेतली फुलं घेऊन येईन.

बाळू_बर्मिंगहॅम (20:40)
सगळं वाचलं नाही, पण छान. फोटो अपलोड झाले बघा, किल्ल्याचे.

अनुभवी_काका (21:02)
दशम्या सोमवारपर्यंत मऊ राहिल्या का, ते लिहिलं नाहीस.

सई_रेडिंग (21:09)
राहिल्या काका. सीगलला विचारा.