सीझनच्या शेवटी डायव्हर (बुडी मारणारी) बदकं डिकॉयवर (तरंगत्या नकली बदकांवर) थांबतच नाहीत

गारठा:
मंडळी, दोन वर्षं मॅलार्ड या उथळ पाण्यातल्या बदकाची शिकार करतोय, आता ग्रेट लेक्सच्या मोठ्या सरोवरांवर ब्लूबिल आणि कॅनव्हासबॅक या डायव्हर बदकांच्या मागे लागलोय. शनिवारी दोन डझन डिकॉय टाकले, थवे पाण्याला घासत आले आणि तसेच पुढे निघून गेले. एक पाडलं ते नुसतं जखमी होतं, बुडी मारली ती परत दिसलंच नाही, अर्धा तास शोधलं. ते डोक्यातून जात नाहीये. कुठे चुकतंय?

लाटेवरचा:
मॅलार्डसारखे इकडे तिकडे टाकलेस ना? डायव्हरला रांग लागते. एक लांब दोर, दोन्ही टोकांना अँकर, त्यावर डिकॉय अडकवायचे आणि ती रांग वारा जिकडे वाहतो त्या बाजूला लांब जाऊ द्यायची. थवा रांग धरून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने येतो आणि वाऱ्याकडे तोंड करून उतरतो, म्हणून बंदुकीसमोर २५-३० यार्डांवर मोकळं पाणी सोड. आणि दर थोड्या वेळाने डिकॉयवरचा बर्फ झाड, कारण पाणी उडून उडून पाठीवर थर चढतो, डिकॉय एका अंगाला कलतो आणि मग ते बदक वाटतच नाही.

जुनी होडी:
जखमी पक्ष्याचं सांगतो, मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. पडलेल्या बदकाचं डोकं वर दिसलं की बघत बसायचं नाही, लगेच दुसरा बार. बुडी मारून ते लांब निघतं आणि वर आलं तरी लाटांत फक्त चोच आणि डोकं दिसतं. होडीने मागे जायचं तर मोटर बंद करून होडी थांबल्याशिवाय बार काढायचा नाही, तसा नियमच आहे. छर्रे स्टीलचे असू देत, अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिसं १९९१ पासून बंद आहे. आणि ३५ यार्डांपलीकडचं सोडून दे, स्टीलचा जोर लवकर ओसरतो आणि असेच जखमी पक्षी हातचे जातात.

गारठा:
डोकं वर होतं खरं, मी बघतच बसलो. उद्या पहाटे परत जातोय, एकटाच.

जुनी होडी:
एकटा नको रे, खरंच नको. बर्फाळ पाण्यात पडलास तर पहिलं मिनिट धाप आवरण्यात जातं, मग हातपाय नीट चालतात ते साधारण दहा मिनिटं, पुढे बोटांनी होडीची कडासुद्धा धरवत नाही. लाइफ जॅकेट वेडरच्या (छातीपर्यंतच्या वॉटरप्रूफ पँटच्या) वरून घाल, बसायच्या जागेखाली ठेवू नकोस. सोबत कुणी मिळत नसेल तर उद्याचा दिवस जाऊ दे.